फुकटचा अँटिव्हायरस: घ्यायचा का, आणि घ्यायचा तर पारखायचा कसा?

हडपसरहून मी पुन्हा तुमच्या कानात हजर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न सारखा येतोय: ‘दादा, घरी बाबांचा जुना लॅपटॉप आहे. त्यात फुकटचा अँटिव्हायरस टाकला तर चालेल का? कोणता टाकू?’ तुम्ही जवळपास सगळे मोबाइलवर ऐकता, मला माहितीये. पण घरात एक कॉम्प्युटर असतोच. ताईच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, बाबा ज्यावर जीएसटीचं बघतात, आई ज्यावर फोटो साठवते तो. आणि त्याची जबाबदारी घरातल्या ‘कॉम्प्युटरचं कळणाऱ्या’ माणसावर येते. म्हणजे तुमच्यावर.

उत्तर आधीच सांगून टाकतो. विंडोज १० किंवा ११ असेल, तर त्यात मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून आहे, फुकट आहे, आणि बहुतेक घरांना तो पुरतो. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. मी मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो, सिक्युरिटी हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. म्हणून आज नाव सांगण्यापेक्षा पारखायचं कसं ते सांगतो. नावं बदलत राहतात, पारख टिकते.

थोडं जुनं, आपल्याच गावचं

अँटिव्हायरस म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांसमोर क्विक हीलचा डबा येतो. कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायला लागले, तेव्हा कॉम्प्युटर शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, ते काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं. १९९३मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली, २००७मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मी त्यांची जाहिरात करत नाहीये. सांगायचा मुद्दा असा, की त्या काळी विंडोजसोबत अँटिव्हायरस येतच नव्हता. वेगळा विकत घ्यावाच लागायचा. ‘कॉम्प्युटर घेतला की अँटिव्हायरसचे वेगळे पैसे’ ही सवय आपल्या घरांत तिथून आली.

मधे परिस्थिती बदलली. मायक्रोसॉफ्टने २००४च्या डिसेंबरात ‘जायंट’ नावाची एक छोटी कंपनी घेतली. तिचं अँटी-स्पायवेअर पुढे विंडोज डिफेंडर झालं. तेव्हा ते फक्त स्पायवेअर बघायचं, व्हायरस नाही. २००९मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स हा फुकट अँटिव्हायरस आला आणि २०१२च्या विंडोज ८पासून दोन्ही कामं करणारा डिफेंडर विंडोजमध्येच बसवून यायला लागला. म्हणजे आज तुम्ही दुसरा अँटिव्हायरस टाकता, तेव्हा मोकळ्या घराला कुलूप लावत नाही, आहे ते कुलूप काढून दुसरं लावता. कारण दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. त्यामुळे खरा प्रश्न ‘टाकू का?’ असा नाहीच. ‘नवं कुलूप जुन्यापेक्षा चांगलं आहे का?’ असा आहे.

पैसे भरूनही काय झालं

आमच्या बाजूच्या विंगमध्ये एक काका राहतात. लग्नाचे फोटो काढतात, घरच्याच कॉम्प्युटरवर एडिटिंग करतात. त्यांच्याकडे पेड अँटिव्हायरस होता, पावती फाइलला लावलेली, मुदत संपलेली नव्हती. एडिटिंगच्या एका महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक त्यांनी उतरवला. ते कसं टाकायचं याच्या व्हिडिओत पहिलीच पायरी होती: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो.’ त्यांनी बंद केला.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोटोच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागलं होतं आणि एकही फोटो उघडत नव्हता. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. हे लक्षण स्टॉप किंवा डिजाव्हू नावाच्या रॅन्समवेअरचं. घरगुती कॉम्प्युटरवर क्रॅकमधून पसरणारं हे जगातलं सगळ्यात कुप्रसिद्ध कुटुंब. एम्सिसॉफ्ट या कंपनीने त्यावर फुकट उलगडा-टूल काढलेलं आहे, आम्ही ते चालवून बघितलं. पण त्या टूलने जुन्या प्रकारातल्या फायली सुटतात, आणि नव्या प्रकारात फक्त ‘ऑफलाइन किल्ली’ वापरली असेल आणि ती सापडलेली असेल तरच. काकांची किल्ली ऑनलाइन होती. म्हणजे ती फक्त गुन्हेगाराच्या सर्व्हरवर.

त्यांनी पैसे भरले नाहीत. दोन मेमरी कार्डं अजून पुसलेली नव्हती, तेवढे फोटो वाचले. एका लग्नाचे अल्बमचे फोटो प्रिंटिंग लॅबकडे होते. बाकीच्या दोन घरी जाऊन सांगावं लागलं की तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आता नाहीत. ॲडव्हान्स परत दिला, पण अशा गोष्टीची भरपाई पैशाने कशी होणार?

आता सांगा, इथे पेड की फुकट या प्रश्नाला काही अर्थ होता का? वॉचमन कितीही चांगला असो, आपणच त्याला चहाला पाठवलं तर तो काय करेल? आजच्या सगळ्या एपिसोडमधून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: जे सॉफ्टवेअर ‘अँटिव्हायरस बंद करा’ म्हणतं, ते टाकायचं नाही. क्रॅक असो, विंडोज ॲक्टिव्हेट करायचं टूल असो, गेमचा चीट असो.

आत काय चालतं

अँटिव्हायरस मुख्यतः तीन गोष्टी करतो. पहिली, ओळखपरेड. सोसायटीच्या वॉचमनकडे चोरांचे फोटो असावेत तशी त्याच्याकडे व्हायरसच्या खुणांची यादी असते, तिला सिग्नेचर म्हणतात. दुसरी, वागणुकीवर नजर. फोटो यादीत नसला तरी रात्री दोन वाजता पाइपवरून चढणाऱ्या माणसाला हटकायला हवंच. एखादा प्रोग्रॅम धडाधड शेकडो फायली बदलायला लागला की सावध होणं ते हेच. आणि तिसरी, अनोळखी फाइल दिसली की कंपनीच्या क्लाउडला विचारणं. नेट बंद असेल तर ही तिसरी गोष्ट लंगडी पडते, हे लक्षात ठेवा.

स्पायवेअर थोडं वेगळं. तो चोर खिडकीतून येत नाही, पेइंग गेस्ट म्हणून येतो. तुम्हीच ‘नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री’ करत त्याला आत घेता. टूलबार, कूपन शोधून देणारं एक्स्टेंशन, ‘फ्री पीडीएफ कन्व्हर्टर’. मग तो बसून बघत राहतो तुम्ही काय करता ते. याचा आजचा सगळ्यात वाईट अवतार म्हणजे इन्फोस्टीलर. तो ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलतो आणि पाठवून देतो. कुकी गेली की चोराला तुमचा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण साइटला वाटतं तुम्ही आधीच लॉगिन आहात. इन्स्टा अकाउंट ‘ओटीपी न देताच’ गेलं असं कोणी सांगितलं तर एकदा घरचा कॉम्प्युटर तपासून बघा.

पारखायचे सहा प्रश्न

*एक: फुकट देणाऱ्याचं घर कशावर चालतं?* हा पहिला प्रश्न विचारा. अवास्ट हे फुकट अँटिव्हायरसमधलं फार मोठं नाव, मूळ चेक प्रजासत्ताकातलं. २०१६मध्ये त्यांनी एव्हीजीही विकत घेतलं. त्यांची जंपशॉट नावाची उपकंपनी वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकत होती. २०२०च्या जानेवारीत ते उघड होऊन गाजलं आणि जंपशॉट बंद करावी लागली. २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर भरून घेतले. पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो म्हणणाऱ्यानेच पाळत ठेवली, असं ते प्रकरण. त्यांचं व्हायरस पकडायचं इंजिन वाईट आहे असं मी म्हणत नाही, लॅबमध्ये ते चांगले गुण घेतं. पण ‘व्हायरस पकडतो का’ आणि ‘माझी माहिती कोणाला देतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि गंमत बघा: नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा ही चारही नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. दुकानं चार, मालक एक.

म्हणून इन्स्टॉल करताना ‘कस्टमाइझ’ दिसलं तर ते दाबा, आणि ‘डेटा शेअर करा’च्या खुणा काढा. पाच मिनिटं जातील, जाऊ द्या.

*दोन: स्वतंत्र लॅब काय म्हणते?* यूट्यूबवरचा ‘टॉप १०’ बघू नका, त्यातल्या कितीतरी लिंकांवर कमिशन असतं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या दोन लॅब बघा, निकाल फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते: संरक्षण, वेग आणि वापरायला सोपेपणा. एकूण १८. डिफेंडरला तिथे गेली काही वर्षं नेहमीच वरचे गुण मिळतात. पहिल्या आणि पाचव्या नंबरात अर्ध्या गुणाचा फरक असेल तर त्यावरून भांडू नका. एकाच निकालावर न जाता वर्षभराचे निकाल बघा. सातत्य महत्त्वाचं.

आणि खोटे इशारे बघा. २०१०च्या एप्रिलमध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस समजून उचलली आणि जगभर असंख्य कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले. जास्त पकडतो म्हणजे चांगला असं नाही. घरच्याच माणसाला चोर म्हणून धरणारा वॉचमन काय कामाचा?

*तीन: तो सतत पहारा देतो की बोलावल्यावर येतो?* मालवेअरबाइट्सचं फुकट व्हर्जन सुरुवातीची ट्रायल संपली की फक्त स्कॅन आणि सफाईपुरतं राहतं, सततचा पहारा देत नाही. म्हणून ते डिफेंडरच्या जागी नाही, डिफेंडरच्या जोडीला चांगलं. महिन्यातून एकदा दुसरं मत घ्यायला. पण सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. ते एकमेकांच्याच फायली तपासत बसतात आणि लॅपटॉपचा जीव जातो.

*चार: आपल्या मशीनला झेपतो का?* लॅबचे कॉम्प्युटर नवे असतात, बाबांचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. स्वतः मोजा, मोबाइलचं स्टॉपवॉच पुरेसं आहे. चालू करायचं बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत किती वेळ लागतो? २-३ जीबी फोटोंचा फोल्डर कॉपी व्हायला किती? आधी आहे त्या स्थितीत तीनदा मोजा, मग नवा अँटिव्हायरस टाकून तीनदा. तिन्हीतला मधला आकडा धरा, कारण एखाद्या वेळी मागे अपडेट चालू असतं. मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर असंच केलं. ज्या एका फुकट सॉफ्टवेअरची सगळ्यात जास्त स्तुती ऐकली होती, त्यानेच लॅपटॉप सगळ्यात जास्त रेंगाळला. नाव घेत नाही, कारण माझ्या लॅपटॉपवरचा निकाल तुमच्या लॅपटॉपचा नाही. म्हणून तर मोजायचं.

*पाच: घंटा वाजते का?* यासाठी आयकारची टेस्ट फाइल वापरा. ६८ अक्षरांची एक साधी ओळ, पूर्ण निरुपद्रवी. सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी ठरवलंय की ही दिसली की व्हायरस सापडल्यासारखं वागायचं. आयकारच्या साइटवरून ती उतरवून बघा, लगेच पकडली गेली पाहिजे. फायर अलार्मचं टेस्ट बटण दाबण्यासारखं आहे हे. घंटा चालू आहे एवढंच कळतं, आग विझेल का ते नाही. आणि कृपा करून ‘टेस्टिंगसाठी’ खरे व्हायरस उतरवू नका. रेडिटवर कोणीतरी लिंक देतं, पण घरचा कॉम्प्युटर म्हणजे प्रयोगशाळा नाही.

*सहा: त्रास किती देतो आणि जाताना नीट जातो का?* ‘तुमच्या कॉम्प्युटरवर ४३ समस्या आहेत, सोडवायला अपग्रेड करा’ असं म्हणणारं सॉफ्टवेअर आई-बाबांच्या मशीनवर नको. कारण अशा लाल खिडक्यांची सवय झाली की खोटी लाल खिडकी ओळखू येत नाही. ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर मायक्रोसॉफ्टला फोन करा’ हा फसवणुकीचा जुना धंदा अजून चालतो, तो याच सवयीवर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. अँटिव्हायरस उतरवताना कंपनीच्याच साइटवर जा. गुगलवर सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ दिसतं ते आंधळेपणाने उघडू नका.

मग डिफेंडरच ठेवायचा तर

विंडोज सिक्युरिटी उघडा आणि चार गोष्टी बघा. रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू हवं. टॅम्पर प्रोटेक्शन चालू हवं, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम डिफेंडरला गुपचूप बंद करू शकत नाही. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग चालू करा, हे तुमचं अँटी-स्पायवेअर. आणि कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस, जे सहसा बंदच असतं. ते चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये बदल करता येत नाही. सुरुवातीला एखादा चांगला प्रोग्रॅमही अडवेल, त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. फोटोवाल्या काकांच्या नव्या मशीनवर मी पहिलं हेच चालू केलंय.

शंका आली तर डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेलाही सापडू शकतो. एखाद्या फाइलचा संशय असेल तर व्हायरसटोटलवर टाका, तिथे डझनावारी इंजिनं एकदम तपासतात. पण तिथे टाकलेली फाइल इतरांनाही मिळू शकते, त्यामुळे आधार कार्ड, सॅलरी स्लिप, असलं काही टाकू नका.

सरकारी मदतही आहे. सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७च्या फेब्रुवारीत सुरू झालं. त्याच्या साइटवर बॉट काढायची फुकट टूल्स आहेत, पेनड्राइव्हवर लगाम घालणारं ‘यूएसबी प्रतिरोध’ही आहे. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणणाऱ्या घरांनी बघावंच.

दोन गोष्टी कुठलाच अँटिव्हायरस करून देणार नाही. एक, अपडेट. २०१७च्या मेमध्ये वॉनाक्राय पसरला, त्याला अडवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी टाकलं ते वाचले. आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. डिफेंडरच्या याद्या त्यानंतरही येत राहतील, पण भिंतीची भेग यादीने बुजत नाही. मशीन विंडोज ११ला चालत असेल तर अपग्रेड करा, नसेल तर वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवा किंवा लिनक्सचा विचार करा.

दुसरी, बॅकअप. एक हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. लावलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्याही फायली बिघडवतो. कपाटातल्या डिस्कपर्यंत मात्र कोणी पोचत नाही.

आणि मोबाइलवाल्यांनो, हसू नका. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल येते, ते याच खेळाचं तुमच्या खिशातलं रूप. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तर या रविवारी अर्धा तास काढा. आधी काय बसवलंय ते बघा, मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस असेल तर काढा, डिफेंडर चालू झाला का तपासा, त्या चार सेटिंग्ज लावा, ब्राउझरमधली न ओळखीची एक्स्टेंशनं उडवा, आणि फोटोंचा बॅकअप घ्या. हे सगळं आई-बाबांना शेजारी बसवून करा, म्हणजे पुढच्या वेळी लाल खिडकी आली की ते कुठल्या नंबरला फोन लावण्याआधी तुम्हाला हाक मारतील.

स्टॉपवॉच लावून मोजलंत तर आकडे मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. लॅपटॉप किती जुना आणि रॅम किती तेही सांगा. पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवतो. भेटू!